शलमोनाचं शेवटी काय झालं?

बुधवारच्या बायबल अभ्यासात आम्ही राजांचं पहिलं पुस्तक क्रमाने वाचत होतो. अकरावा अध्याय संपला आणि जिल्हा न्यायालयात आयुष्यभर नोकरी करून निवृत्त झालेल्या एका काकांनी चष्मा काढत विचारलं, "शिक्षा सुनावलेली दिसतेय. पण आरोपीचा जबाब कुठाय?" मी पान उलटलं, पुन्हा मागे आलो. देवाचा राग आहे, रागाचं कारण आहे, शिक्षा आहे, शिक्षेत दिलेली सूटही आहे. इस्राएलाचा राजा शलमोन याच्या तोंडचं मात्र एक वाक्य नाही. ३,००० नीतिसूत्रं सांगणारा माणूस आपल्या आयुष्यातल्या सगळ्यांत मोठ्या प्रश्नावर गप्प आहे.

त्या संध्याकाळी मला काकांना धड उत्तर देता आलं नाही. नंतर काही आठवडे मी हे प्रकरण पहिल्यापासून वाचून काढलं, ते इथे मांडतो आहे. ज्याला देवाने बुद्धी दिली, ज्याने देवाचं मंदिर बांधलं आणि ज्याने त्याच मंदिरासमोरच्या डोंगरावर मोआबाच्या कमोश या परक्या देवासाठी पूजास्थान उभारलं, त्या राजाचा शेवट देवाजवळ झाला की देवापासून दूर?

आधी एक गोष्ट बाजूला काढतो, कारण तिच्यावर बरेच जण टेकतात. अध्यायाच्या शेवटी शलमोन "आपल्या पूर्वजांबरोबर निजला" असं म्हटलं आहे. ऐकायला शांत वाटतं. पण हेच शब्द त्याच पुस्तकात अहाबासाठीही वापरले आहेत, आणि अहाबाने इस्राएलात बआलाची पूजा राजाश्रयाने चालवली होती. राजा मेला आणि गादीवर दुसरा आला, एवढंच ते वाक्य सांगतं. त्या काळच्या इब्री माणसाच्या मनात स्वर्ग आणि नरक असे दोन दरवाजेही नव्हते. मेलेले सगळेच अधोलोकात, शेओलात उतरतात अशी समजूत होती. म्हणजे आपला प्रश्न आपण नंतरच्या विश्वासातून मागे नेऊन विचारतो आहोत. विचारायला हरकत नाही. फक्त उत्तर एका वाक्यात तयार मिळेल ही अपेक्षा सोडून द्यावी लागते.

सुरुवात

शलमोनाच्या जन्माची नोंदच असामान्य आहे. दाविदाने उरीयाची बायको घेतली, उरीयाला लढाईत मारवलं, त्या संबंधातलं पहिलं मूल मेलं. मग बथशेबेला दुसरा मुलगा झाला आणि शास्त्र म्हणतं, परमेश्वराने त्याच्यावर प्रेम केलं. नाथान संदेष्ट्याच्या हातून त्याला आणखी एक नाव मिळालं: यदीद्या, परमेश्वराचा लाडका. मुलाने अजून काही चांगलं केलेलं नाही, वाईटही केलेलं नाही. प्रेम आधी आलं आहे. प्रकरणाच्या शेवटी मला पुन्हा इथेच यावं लागलं.

राज्य मिळालं ते सरळ मार्गाने नव्हे. सावत्र भाऊ अदोनीया, सेनापती यवाब, शिमी असे एकेक जण राजाच्या माणसाच्या, बनायाच्या तलवारीने गेले आणि अब्याथार याजकाला हद्दपार व्हावं लागलं. मग गिबोन इथे पडलेलं स्वप्न. देव म्हणतो, माग. शलमोन दीर्घायुष्य मागत नाही, संपत्ती मागत नाही, शत्रूंचा जीव मागत नाही. त्याने काय मागितलं, हे मराठीत आपण "बुद्धी" म्हणून सांगतो. मूळ हिब्रूत शब्द आहेत "लेव शोमेआ", म्हणजे ऐकणारं अंतःकरण. हे मागणं मला फार सुंदर वाटतं. न्याय देणाऱ्याने आधी ऐकायचं असतं, हे त्या तरुण राजाला कळलं होतं.

पण कथा सांगणाऱ्याने एक "मात्र" ठेवला आहे. शलमोन परमेश्वरावर प्रेम करीत असे, मात्र उच्च स्थानांवर, म्हणजे टेकड्यांवरच्या पूजास्थानांवर यज्ञ करी आणि धूप जाळी. या वाक्याच्याही आधी, अध्यायाच्या पहिल्याच ओळीत, फारोच्या मुलीशी त्याचं लग्न झालेलं आहे. देवाच्या दर्शनाच्या आधी.

आणखी एक धागा मला उशिरा सापडला. शलमोनानंतर त्याचा मुलगा रहबाम गादीवर आला तेव्हा तो ४१ वर्षांचा होता, आणि त्याची आई नामा ही अम्मोनी, म्हणजे परक्या राष्ट्रातली होती. शलमोनाने राज्य केलं ४० वर्षं. म्हणजे रहबामाचा जन्म बाप राजा होण्याआधीचा. अम्मोनी स्त्री शलमोनाच्या घरात तरुणपणीच आलेली होती. शलमोन म्हातारपणी बायकांच्या नादाने बिघडला असं आपण लहानपणापासून ऐकतो, आणि अकराव्या अध्यायात तसे शब्दही आहेत: म्हातारपणी त्याच्या बायकांनी त्याचं मन वळवलं. पण म्हातारपणी फक्त फळ धरलं. रोप आधीच लावलेलं होतं, आणि तो रोज त्याच्या शेजारून जात होता.

नामेला यात दोष देणं मला जमत नाही. ती तिच्या देशातून आली, तिच्या देवाला धूप जाळत राहिली. वचन दिलेलं होतं ते शलमोनाने.

शालेम

या प्रकरणाचं मर्म एका शब्दात आहे आणि तो शब्द भाषांतरात हरवतो. शलमोनाचं हिब्रू नाव श्लोमो. त्याच्या मुळाशी शांती आणि पूर्णता सांगणारा धातू आहे, ज्यातून "शालोम" होतो आणि "शालेम" म्हणजे अखंड, पुरता हा शब्दही होतो. मंदिराच्या अर्पणाच्या दिवशी शलमोन भर सभेत लोकांना आशीर्वाद देताना म्हणतो की, तुमचं अंतःकरण परमेश्वराशी शालेम असो. तीन अध्यायांनंतर लेखक त्याच्याबद्दल लिहितो: त्याचं अंतःकरण परमेश्वराशी शालेम नव्हतं. लोकांना दिलेला आशीर्वाद त्याच्यावरच उलटा लिहिला गेला, आणि ज्या शब्दाने लिहिला तो त्याच्या नावातला आहे.

तसंच "प्रेम". तिसऱ्या अध्यायात शलमोनाचं प्रेम परमेश्वरावर आहे. अकराव्यात तेच क्रियापद घेऊन लेखक म्हणतो, शलमोनाचं प्रेम पुष्कळ परक्या स्त्रियांवर होतं. पुढच्या वचनात तो त्यांना "चिकटून राहिला" असं आहे. चिकटून राहा हा शब्द 'अनुवाद' या मोशेच्या नियमांच्या पुस्तकात देवाबद्दल वापरला आहे: त्याची सेवा करा, त्याला चिकटून राहा. शलमोनाने देवाला नाकारलं असं लेखक म्हणत नाही. देवासाठी राखलेली क्रियापदं त्याने हळूहळू दुसरीकडे खर्च केली. देऊळ चालू होतं, वर्षातून तीनदा होमार्पणं होत होती, याजक कामावर होते. आणि समोरच्या डोंगरावर दुसरी आग पेटलेली होती.

माझ्या पाहण्यातली बरीच श्रद्धावान माणसं अशीच सुटत गेली. कोणी एका दिवशी देवळातून उठून निघून गेलं नाही. म्हणून हा शब्द मला सोडत नाही.

राजासाठी लिहिलेला नियम

अनुवादाच्या सतराव्या अध्यायात राजाला तीन गोष्टी वाढवायला मनाई आहे: घोडे, बायका, सोनंरुपं. घोड्यांसाठी मिसरात माणसं पाठवू नयेत असंही तिथे आहे. आता राजांच्या दहाव्या-अकराव्या अध्यायातले आकडे पाहा. १,४०० रथ, १२,००० स्वार, घोडे मिसरातून. एका वर्षाचं सोनं ६६६ किक्कार. किक्कार साधारण ३४ किलोचा धरला तर २२ टनांच्या वर. राण्या ७००, उपपत्नी ३००. हे आकडे अतिशयोक्त आहेत की नाहीत यावर अभ्यासक भांडतात, भांडू देत. लेखकाला काय म्हणायचं आहे ते उघड आहे. तो दहाव्या अध्यायात वैभव सांगत असल्यासारखा दिसतो आणि प्रत्यक्षात आरोपपत्र वाचत असतो.

त्याच नियमात एक कमी वाचलं जाणारं कलम आहे. राजाने गादीवर बसल्यावर नियमशास्त्राची प्रत स्वतःसाठी लिहून काढावी, जवळ ठेवावी, आयुष्यभर रोज वाचावी. का, तर त्याचं मन भावांपेक्षा उंच होऊ नये.

तालमूद या यहूदी ग्रंथात रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी यावर एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. नियमशास्त्रातल्या आज्ञांची कारणं सहसा सांगितलेली नाहीत. दोन ठिकाणी सांगितली, आणि जगातला मोठा माणूस नेमका तिथेच अडखळला. बायका वाढवू नकोस, नाहीतर मन वळेल, असं लिहिलं होतं. शलमोन म्हणाला, मी वाढवीन आणि मन वळू देणार नाही. घोड्यांचंही तसंच. कारण कळलं की हुशार माणसाला वाटतं, धोका कळला म्हणजे तो टळला. शलमोनाची बुद्धी त्याच्या पतनात आड आली नाही, कारण त्या बुद्धीच्या भरवशावरच तो तिथवर चालत गेला होता.

वेठबिगारीचा भाग आपल्याकडच्या प्रवचनांत जवळपास येतच नाही, आणि मला तो बायकांइतकाच गंभीर वाटतो. लबानोनात गंधसरू तोडायला ३०,००० माणसं, महिन्याला १०,००० अशा पाळीने. ओझी वाहणारे ७०,०००, डोंगरात दगड फोडणारे ८०,०००. मिसरातल्या वेठीतून सुटलेल्या लोकांच्या राजाने, फारोच्या जावयाने, पुन्हा मुकादम नेमले. शलमोन मेल्यावर शखेमात जमलेल्या लोकांनी देवांची तक्रार केली नाही. ते म्हणाले, तुझ्या बापाने आमचं जू जड केलं, ते हलकं कर. ऐकणारं अंतःकरण मागणाऱ्या राजाच्या राज्यात हे ऐकायला चाळीस वर्षांत कोणाला वेळ झाला नव्हता. रहबामानेही ऐकलं नाही. वेठीवरचा अधिकारी लोकांनी धोंडमार करून मारला आणि दहा वंश निघून गेले.

शिक्षा ऐकल्यावर

आता काकांचा मुद्दा. परमेश्वर शलमोनाला सांगतो: राज्य तुझ्यापासून फाडून तुझ्या सेवकाला देईन, तुझ्या बापासाठी ते तुझ्या हयातीत करणार नाही, तुझ्या मुलाच्या हातून घेईन, आणि सगळं नाही, एक वंश ठेवीन. लेखक मुद्दाम जोडतो की हा देव त्याला दोनदा प्रत्यक्ष दिसला होता. या वेळी दर्शनाचा उल्लेख नाही, फक्त शब्द.

अशा वेळी इतर राजांनी काय केलं, तेही शास्त्रातच आहे. नाथानाने तोंडावर सांगितल्यावर दावीद म्हणाला, मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं आहे. अहाबासारख्या अहाबाने अंगावरची वस्त्रं फाडली, गोणपाट नेसला, उपास केला, आणि देवाने त्याचीही दखल घेऊन संकट त्याच्या मुलाच्या काळावर ढकललं. मनश्शेने यरुशलेम निरपराध रक्ताने भरलं होतं; बायबलमधल्या 'इतिहास' नावाच्या दुसऱ्या पुस्तकाप्रमाणे तो बाबेलच्या कैदेत नम्र झाला आणि देवाने त्याची विनंती ऐकली.

शलमोनाची नोंदलेली पुढची कृती अशी: आपला सेवक यराबाम याला मारायचा त्याने प्रयत्न केला आणि यराबाम मिसरात पळाला. अहीया संदेष्ट्याने आपल्या नव्या झग्याचे बारा तुकडे करून दहा यराबामाच्या हातात दिले होते. देवाने ज्याला दिलं त्याचा जीव घ्यायचा, हे दाविदाआधीचा राजा शौल याने दाविदाशी केलं होतं. दाविदाचा मुलगा शेवटी शौलाच्या जागी उभा राहिलेला दिसतो. मला हे वाचताना दर वेळी वाईट वाटतं.

याहून जड एक गोष्ट आहे. मंदिराच्या अर्पणाच्या प्रार्थनेत शलमोनाने स्वतः म्हटलं होतं की, पाप करीत नाही असा कोणी नाही. आणि परक्या देशात कैद होऊन गेलेल्या लोकांनी परत वळताना काय म्हणावं याचे शब्दही दिले होते: आम्ही पाप केलं, आम्ही वाकडं वागलो, आम्ही दुष्टपणा केला. हे शब्द नंतर टिकून राहिले. एकशे सहाव्या स्तोत्रात ते येतात. बाबेलात दानिएल आपल्या लोकांसाठी जी प्रार्थना करतो तिच्यातही येतात. म्हणजे पश्चात्तापाचे शब्द शलमोनाने साऱ्या इस्राएलाला घालून दिले, शेकडो वर्षांनी निर्वासितांनी ते उच्चारले आणि त्यांना ते पुरले. स्वतः शलमोनाने ते कधी उच्चारल्याची नोंद नाही.

उपदेशक हा जबाब मानावा का

बहुतेक पाळक इथे बायबलमधलं उपदेशकाचं पुस्तक पुढे करतात. म्हातारा शलमोन, सगळं भोगून झालेला, "व्यर्थ, व्यर्थ" म्हणतो आणि शेवटी "देवाचं भय धर, त्याच्या आज्ञा पाळ" इथे पोचतो. हाच त्याचा पश्चात्ताप. लहानपणापासून मीही असंच ऐकलं आणि बराच काळ मानलं.

आता मानवत नाही, कारण दोन आहेत. एक भाषेचं. पुस्तकात शलमोनाचं नाव कुठेच नाही; "दाविदाचा पुत्र, यरुशलेमातला राजा" एवढं आहे. त्यातली हिब्रू उशिराची आहे आणि "पार्देस", म्हणजे बाग, यासारखे फारसी मुळाचे शब्द तिच्यात आहेत. शलमोनाचा काळ इ. स. पू. ९७० ते ९३१ च्या आसपास धरतात. फारसी सत्ता त्या मुलखात आली ती इ. स. पू. सहाव्या शतकात. म्हणून बहुतेक अभ्यासक हे पुस्तक शलमोनानंतर काही शतकांनी, त्याच्या तोंडी बोलवून लिहिलेलं मानतात.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. समजा, ते शलमोनाचंच आहे. मग त्यात कबुली कुठे आहे? दुसऱ्या अध्यायात घरं, द्राक्षमळे, तळी, दासदासी, गाणारे आणि गाणाऱ्या यांची यादी आहे आणि निष्कर्ष असा की हातात वाफ राहिली. "व्यर्थ" साठी मूळ शब्द हेवेल, म्हणजे श्वास, वाफ. हा थकवा खरा आहे, पण थकवा म्हणजे पश्चात्ताप नव्हे. मी देवाविरुद्ध वागलो, कमोशाचं स्थान बांधलं, लोकांना वेठीला धरलं, असं त्यात एकदाही येत नाही. हजारांत एक पुरुष सापडला पण स्त्री एकही नाही, हे सातव्या अध्यायातलं कडवट वाक्य घ्या. ७०० आणि ३०० मिळून होतात हजार. तसं वाचलं तर त्यात दोष अजून दुसऱ्यांवरच आहे.

तरी याच पुस्तकात एक वाक्य आहे जे लिहिणाऱ्याने शलमोनाकडे पाहतच लिहिलं असावं असं मला वाटतं: सूचना ऐकून घेणं ज्याला उरलं नाही अशा म्हाताऱ्या मूर्ख राजापेक्षा गरीब पण शहाणा तरुण बरा. गिबोनमधला तरुण आणि यरुशलेमातला म्हातारा या एका ओळीत समोरासमोर येतात.

इतरांनी दिलेले निकाल

या प्रकरणावर दोन हजार वर्षं लोक निकाल देत आले आहेत, आणि कोणाचाच निकाल टिकलेला नाही.

बायबलमधल्या इतिहासाच्या पुस्तकांनी पतनाचा भागच गाळला. तिथे शबाची राणी येते, सोनं येतं आणि शलमोन सन्मानाने मरतो. नहेम्याचं पुस्तक मात्र स्पष्ट बोलतं, आणि दोन्ही बाजू एका दमात: अनेक राष्ट्रांत त्याच्यासारखा राजा नव्हता, तो आपल्या देवाला प्रिय होता, तरी परक्या स्त्रियांनी त्यालाही पापात पाडलं. प्रिय आणि पापी, दोन्ही शब्द, आणि एकाने दुसरा खोडलेला नाही.

मिश्ना या यहूदी नियमसंग्रहात येणाऱ्या जगात वाटा नसलेल्या तीन राजांची यादी आहे: यराबाम, अहाब, मनश्शे. तालमूद सांगतो की विद्वानांना त्यात आणखी एक नाव घालायचं होतं. तेव्हा त्याच्या बापाची प्रतिमा येऊन त्यांच्यापुढे लोटांगण घालू लागली. त्यांनी लक्ष दिलं नाही. आकाशातून अग्नी येऊन त्यांची बाकं चाटून गेला. तरी लक्ष दिलं नाही. मग आकाशवाणी झाली की, ज्याने माझं घर आपल्या घराआधी बांधलं, माझं सात वर्षांत आणि आपलं तेरा वर्षांत, तो हलक्या लोकांत उभा राहील का? सात आणि तेरा हेच आकडे शलमोनाविरुद्धही दिले जातात, की स्वतःच्या वाड्यावर त्याने जास्त वर्षं घातली. इथे अर्थ उलटा लावला आहे: देवाच्या कामात त्याने घाई केली, स्वतःच्या कामात आळस. आणि शेवटी ईयोबाच्या पुस्तकातला प्रश्न: देवाने तुमच्या मनाप्रमाणे फळ द्यावं काय? मुलासाठी लोटांगण घालणारा बाप दावीद आहे. जो स्वतः क्षमा मिळालेला आहे तोच विनवणी करायला येतो, हे मला या गोष्टीतलं सगळ्यांत खरं वाटतं.

ख्रिस्ती आचार्यांत यरुशलेमचे सिरिल आपल्या दीक्षार्थींना सांगत की शलमोन पडला, पण नंतर पश्चात्ताप पावला. आधार नीतिसूत्रांच्या २४ व्या अध्यायातल्या एका ओळीच्या ग्रीक भाषांतराचा. हिब्रूत ती ओळ आळशी माणसाचं शेत पाहून घेतलेल्या धड्याची आहे, तेव्हा आधार कच्चा. ऑगस्टीन यांनी साफ म्हटलं की त्याच्या पश्चात्तापाबद्दल आणि देवाने दिलेल्या क्षमेबद्दल शास्त्र अगदी गप्प आहे. मला ऑगस्टीन यांचं वाचन प्रामाणिक वाटतं, जरी त्यांचा एकूण सूर माझ्या आशेहून कठोर आहे.

चित्रकारांनी हा पेच डोळ्यांना दाखवला. इटलीत पीसा शहराच्या कांपो सांतो या स्मशानात १३३० च्या दशकातलं अंतिम न्यायाचं भव्य भित्तिचित्र आहे. त्यात एका बाजूला तारलेले, दुसऱ्या बाजूला दंडित, आणि मधोमध जमिनीतून वर येणारा शलमोन, कोणत्या बाजूला जायचं हे न कळलेला. त्याच शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत दांतेने त्याला स्वर्गात, सूर्याच्या गोलात पाचवा प्रकाश म्हणून ठेवलं, आणि तिथेही म्हटलं की खाली सारं जग त्याची खबर ऐकायला भुकेलं आहे. पूर्वेच्या मंडळीला ही शंका फारशी पडलेली दिसत नाही. इस्तंबूलच्या जुन्या खोरा चर्चमधल्या (आता तिथे मशीद आहे) भित्तिचित्रात ख्रिस्त मृतलोकाची दारं मोडून आदाम आणि हव्वेला हाताला धरून ओढतो आहे, आणि बाजूला मुकुट घातलेले दावीद आणि शलमोन उभे आहेत.

कुराणात सुलेमान नबी आहे आणि तिथे काकांना हवा होता तो जबाब आहे. ३८ व्या सुरेत तो परीक्षेनंतर वळतो आणि म्हणतो, माझ्या प्रभो, मला क्षमा कर. दुसऱ्या सुरेत तर ठाम सांगितलं आहे की सुलेमानाने देवाला नाकारलं नाही, नाकारलं ते सैतानांनी.

नव्या करारात शलमोन थोडाच येतो. मत्तयाने येशूच्या वंशावळीत त्याला घेतलं, तेही "उरीयाच्या बायकोपासून" असं म्हणून. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वासाने जगलेल्यांची नावं आहेत. दावीद आहे, इफ्ताह आहे, स्त्रीच्या मोहात पडलेला शमशोनही आहे, ज्याने शेवटी खांबांमध्ये उभं राहून देवाला हाक मारली. शलमोन नाही. आणि येशू म्हणतो की दक्षिणेची राणी, म्हणजे शबाचीच, न्यायाच्या दिवशी उठेल, कारण ती पृथ्वीच्या टोकाहून शलमोनाचं ज्ञान ऐकायला आली. ऐकायला आलेल्या राणीचं त्या दिवशी काय होईल हे आपल्याला सांगितलं आहे. जो तिच्याशी बोलला त्याचं सांगितलेलं नाही.

मी कुठे पोचलो

पुरावा म्हणाल तर शलमोनाच्या बाजूने त्याच्या हातचं काहीच पुढे ठेवता येत नाही. मंदिर ठेवता येत नाही. देवाने नवव्या अध्यायातच बजावलं होतं की तुम्ही फिरलात तर हे घर मी दृष्टीआड करीन, आणि इ. स. पू. ५८६ मध्ये ते जळालं. बुद्धी ठेवता येत नाही. उपदेशक ठेवता येत नाही.

राहतं ते एक वचन, शलमोन जन्मण्याआधी नाथानाकरवी दाविदाला दिलेलं. मी त्याचा पिता होईन, तो माझा पुत्र होईल. त्याने अधर्म केला तर माणसांच्या काठीने त्याला शासन करीन. पण शौलापासून काढून घेतली तशी माझी दया त्याच्यापासून काढून घेणार नाही. अकराव्या अध्यायात पुढे जे येतं ते मला या वचनाच्या उजेडात वेगळं दिसू लागलं. शलमोनावर उठलेले तिघे: अदोमी हदाद, दिमिष्काचा (दमास्कसचा) रजोन, यराबाम. पहिल्या दोघांबद्दल लेखक स्पष्ट म्हणतो, देवाने त्यांना उठवलं. या माणसांच्या काठ्या आहेत. काठी बाप मुलावर उगारतो. टाकून दिलेल्याला कोणी शासन करीत बसत नाही.

याच्या उलट एक वचन आहे आणि ते लपवून मला पुढे जाता येणार नाही. म्हाताऱ्या दाविदाने शलमोनाला सगळ्यांसमोर सांगितलं होतं: तू त्याला शोधशील तर तो तुला सापडेल, तू त्याला सोडशील तर तो तुला कायमचा टाकील. अकराव्या अध्यायात "त्यांनी मला सोडलं" हे शब्द आहेत. ही दोन वचनं मी एकमेकांत बसवू शकलेलो नाही. तराजू एका बाजूला झुकतो तो एवढ्याचसाठी की पहिलं वचन नेमकं अधर्माचा प्रसंग धरूनच दिलेलं आहे. त्याने पाप केलं तर काय, याचं उत्तर देवाने आधीच देऊन ठेवलं होतं.

काकांना मी पुढच्या वेळी त्यांच्याच भाषेत सांगितलं की, जबाब नाही, जामीन आहे. इब्री लोकांस पत्रात येशूला अधिक चांगल्या कराराचा जामीन म्हटलं आहे. शलमोन तरला असेल तर जामिनावर तरला, आणि त्याला त्याचं श्रेय नाही. काका बराच वेळ विचार करून म्हणाले, "जामिनावर सुटला तरी नुकसान भरून निघत नाही हो."

ते खरं आहे. यरुशलेमच्या पूर्वेच्या डोंगरावरची ती स्थानं शलमोनाबरोबर गेली नाहीत. मध्ये आसा आला, यहोशाफाट आला, उच्च स्थानं मोडणारा हिज्कीया आला आणि गेला. जवळजवळ तीनशे वर्षं अष्टारोथ, कमोश आणि मिलकोम तिथे होते. तोवर त्या डोंगराला नाशाचा डोंगर हे नाव पडलं होतं. शेवटी योशीया राजाने तिथले स्तंभ फोडले, अशेरामूर्ती तोडल्या आणि ती जागा माणसांच्या हाडांनी भरली. राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात ही नोंद करताना लेखकाने ती स्थानं कोणी बांधली हे नाव घेऊन लिहिलं आहे.